जुने ऑर्क, नवे ऑर्क आणि डेटॉलचा वास

तीन वस्तूंचा रिव्ह्यू एकत्रच टाकतेय, कारण मी त्या एकत्रच वापरल्यात आणि सुटा सुटा लिहिला तर कशाचाच अर्थ लागणार नाही. एक म्हणजे वॉरहॅमर ४०,००० या खेळातल्या ऑर्क बॉइझचा, म्हणजे ऑर्कांच्या साध्या शिपायांचा, बॉक्स, २०२१ साली जे नवीन डिझाइन आलं तो. दुसरी म्हणजे एका सेकंडहँड विक्रेत्याकडून घेतलेली जुन्या ऑर्कांची पिशवी, पिशवी म्हणजे खरोखरच कॅरीबॅग, आणि तिसरी वस्तू म्हणजे मूर्तीच्या पायाखालची चकती, म्हणजे बेस, २५ मिलिमीटरची असेल तर ती ३२ ची करणारी प्लॅस्टिकची रिंग, जी दिसायला बाटलीच्या झाकणातल्या वायसरसारखी आहे पण हे सगळं प्रकरण जमलं ते तिच्यामुळेच.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. टेबलावर खेळायचं युद्ध असतं, तुम्ही स्वतः बोटभर उंचीचे सैनिक विकत घ्यायचे, कापायचे, चिकटवायचे, रंगवायचे आणि मग इंचाची टेप आणि फासे घेऊन समोरच्याशी लढायचं. १९८७ साली रिक प्रीस्टलीने याचं पहिलं पुस्तक लिहिलं, कंपनी गेम्स वर्कशॉप, मुख्यालय नॉटिंगहॅमला. मी लेस्टरला राहते, नॉटिंगहॅम ट्रेनने अर्ध्या तासावर, ऑफिसातल्या एकाने एका शनिवारी तिथलं वॉरहॅमर वर्ल्ड, म्हणजे कंपनीचं प्रदर्शन आणि दुकान, दाखवायला नेलं आणि मी काचेच्या कपाटांपुढे दोन तास उभी होते, तिथेच घोळ झाला. माझं सैन्य ऑर्कांचं आहे. हिरवे, दांडगट, भांडखोर, बुरशीपासून उगवणारे, भंगारातून गाड्या बनवणारे. मला ते पहिल्याच दिवशी आवडले कारण बाकी सगळ्या सैन्यांना काहीतरी उदात्त कारण असतं आणि हे नुसते मारामारीसाठी मारामारी करतात, एवढी प्रामाणिक माणसं कुठं भेटतात.

तर पिशवीपासून सुरुवात करते. पस्तीस पौंडांना ४७ नग. त्यात १८ ऑर्क १९९३ च्या बॉक्समधले होते, म्हणजे वॉरहॅमर ४०,००० ची दुसरी आवृत्ती आली तेव्हा डब्यात २० स्पेस मरीन (माणसांचे चिलखतवाले योद्धे), २० गॉफ टोळीचे ऑर्क आणि ४० ग्रेचिन (ऑर्कांचे हडकुळे गडी) यायचे त्यातले. १६ ऑर्क ‘असॉल्ट ऑन ब्लॅक रीच’चे, म्हणजे २००८ चा पाचव्या आवृत्तीचा स्टार्टर सेट, त्यात २० बॉइझ असायचे आणि तो इतका खपला की इथे सेकंडहँड बाजारात कुठलीही ऑर्कांची पिशवी उघडली तरी त्यातला एक तरी ऑर्क तोंड वर काढतोच. मग ११ ग्रेचिन. आणि दोन धातूचे नॉब, म्हणजे ऑर्कांचे थोराड म्होरके, नव्वदीतले, हातात घेतले की वजन जाणवतं. विक्रेत्याने फोटोत फक्त वरचे चांगले चांगले दाखवले होते आणि खालच्या थरातल्यांचे निम्मे हात मोडलेले निघाले, पिशवीच्या तळाशी हातांचा वेगळा ढीग. पण तुटलेले हात सगळे पिशवीतच होते म्हणून मी तक्रार केली नाही, आणि खरं सांगू का, ऑर्कांना हात उलटसुलट लागले तरी चालतं. इथे कुठल्या देखण्या एल्फांची पिशवी असती तर मी नक्की पैसे परत मागितले असते.

१९९३ चे ऑर्क बघून आधी हसू आलं. सगळे एकाच पोझमध्ये, एकाच साच्यातून, एकाच चेहऱ्याचे, अठराच्या अठरा जण फोटोसाठी उभं केल्यासारखे. डिटेल उथळ, दात म्हणजे नुसते उंचवटे. ऑर्कांचं आजचं जे रूप आपण ओळखतो, म्हणजे तो वाकलेला मणका, पुढे आलेला जबडा, माकडासारखे लांब हात, ते १९९७ च्या गोर्कामोर्का खेळाच्या सुमाराला ब्रायन नेल्सनच्या हातून आलं आणि त्यानंतरचे सगळे ऑर्क त्याच घराण्यातले. ब्लॅक रीचचे १६ त्या घराण्यातले आहेत. नवा बॉक्सही. १९९३ वाले मात्र त्याच्या आधीचे, वेगळ्याच गावचे. म्हणजे माझ्याकडे फक्त तीन वयं नव्हती, दोन वेगळ्या नाकाडोळ्याची माणसं होती आणि ती एका सैन्यात बसवायची होती.

आता नवा बॉक्स. दहा ऑर्क, एका ऑर्कामागे साधारण तीन पौंड पडतात, जे जास्त आहेत, यावर वाद नको. मूर्ती म्हणून बघाल तर फारच सुंदर आहेत. एकेकाच्या चेहऱ्यावर वेगळी खुन्नस, कपड्याच्या टाक्यापासून चामड्याच्या पट्ट्याच्या भोकापर्यंत सगळं रंगवताना ब्रशला आपोआप सापडतं. पण एक गोष्ट आहे जी मला खटकली आणि खटकणारच, ती म्हणजे हात ठरलेल्या धडालाच बसतात. जुन्या सुट्या भागांच्या बॉइझमध्ये कुठलाही हात कुठल्याही खांद्याला लावता यायचा, त्यामुळे चार बॉक्स घेतले तरी चाळीस वेगळे ऑर्क व्हायचे. इथे दुसरा बॉक्स घेतला की तेच दहा भाऊ परत. डोकी तेवढी बदलता येतात. म्हणून माझं स्पष्ट मत, हा बॉक्स एक घ्यावा, दोन घेऊ नयेत. आणि एकच घेतला तर दहा ऑर्कांचं करायचं काय, कारण ऑर्कांचं सगळं बळ संख्येत, दहा ऑर्क म्हणजे पहिल्या फेरीत खलास. तिथे ही पिशवी कामाला येते.

पहिल्यांदा मी जे केलं ते चुकलं, ते आधी सांगते. मी नव्या दहांचं एक पथक, ब्लॅक रीचच्या सोळांचं दुसरं आणि १९९३ च्या अठरांचं तिसरं अशी वेगवेगळी रांग लावली. वाटलं होतं की आपापल्या जातीत बरे दिसतील. टेबलावर मांडलं आणि असं वाटलं की तीन वेगवेगळ्या लोकांनी आपापलं सैन्य आणून ठेवलंय, एकाने परवा, एकाने शाळेत असताना आणि एकाने त्याच्या काकाकडून ढापून. जुन्यांचं पथक जुनं दिसायला लागलं आणि नव्यांचं पथक दुकानाच्या काचेतलं. उलट मग मी सगळे एकत्र टाकले, म्हणजे वीस वीसची दोन पथकं, प्रत्येकात पाच नवे, आठ ब्लॅक रीचचे आणि सात १९९३ चे, नि सगळे पत्ते पिसल्यासारखे मिसळलेले, आणि एकदम जमलं. नजर ज्या चेहऱ्यावर आधी जाते तो नवा, त्याच्या आजूबाजूचे जुने गर्दी म्हणून खपून जातात. मिसळीत फरसाण एका कोपऱ्यात ढीग करून वाढलं तर कसं दिसेल, तसं मी आधी करत होते. आणि गंमत म्हणजे १९९३ वाल्यांचा जो दोष होता तो इथे गुण झाला, एकाच पोझमधले सात जण मध्ये मध्ये असले की पथकाला एक लय येते, नाहीतर नव्यांतला प्रत्येक जण इतका आवेशात आहे की वीसच्या वीस तसेच असले तर डोळ्याला कुठे थांबायलाच जागा नाही.

उंचीचं म्हणाल तर ऑर्कांमध्ये फरक आहे पण जीव घेणारा नाही. हातभर लांबून, म्हणजे खेळताना आपण जिथून बघतो तिथून, उंची कळतच नाही, कारण आपण वरून बघत असतो. कळतं ते बेसचा आकार, कातडीचा हिरवा आणि खांद्यांची रुंदी. आणि गोष्टीतच सोय आहे, ऑर्क जितका लढेल आणि जिंकेल तितका मोठा होत जातो, जो सगळ्यात मोठा तो सरदार, इतकी सोपी लोकशाही. त्यामुळे एखादा बुटका दिसला तर तो नवशिका आहे म्हणायचं आणि पुढे जायचं. २०२१ मध्येच बीस्ट स्नॅगा म्हणून जे ऑर्क आले ते खरंच दांडगे आहेत, ते मात्र १९९३ वाल्यांत मिसळू नका, बाप आणि बाळ दिसतात, त्यांचं पथक वेगळंच बरं.

माझी आई तेव्हा सहा महिन्यांसाठी आली होती. मी डायनिंग टेबलावर हे तिन्ही प्रकार शेजारी ठेवून पट्टीने मोजत बसलेली, आणि ती भाजी निवडता निवडता बघत होती. तिने विचारलं, “अगं हे सगळे एका उंचीचे कशाला हवेत तुला? सैन्य आहे का शाळेची प्रार्थना?” मी म्हणलं आई, विचित्र दिसतं. तर म्हणाली, “आणि आपला किल्ला?” मग मी गप्पच बसले. दिवाळीत आमच्या वाड्यात किल्ला व्हायचा, मातीचे मावळे कुंभारवाड्यातून आणायचो, दरवर्षी पाच-सहा नवे आणि मागच्या वर्षीचे उरलेले, कोणाचं नाक गेलेलं, कोणाची तलवार गेलेली. मग एका वर्षी प्लॅस्टरचे आले, मग रबराचे. महाराज सिंहासनावर बसलेले आणि बुरुजापेक्षा दीड पट उंच, खाली तोफ चालवणारा मावळा त्यांच्या मोजडीएवढा, बाजूला गुहेत एक वाघ जो हत्तीपेक्षा मोठा, आणि हे सगळं अळिवाच्या हिरवळीत. कुणालाही, एकाही मुलाला, कधीही वाटलं नाही की स्केल चुकलंय. सगळ्यांच्या पायाखाली तीच माती आणि तीच हिरवळ असायची ना, म्हणून ते एका किल्ल्यातले वाटायचे.

आणि हे नुसतं आठवणीत रमणं नाहीये, हाच या सगळ्याचा तोडगा आहे. पायाखालची जमीन एक करा. बाकी सगळं नंतर.

म्हणून रिंग. नव्वदीतल्या मूर्ती जे बेस घेऊन येतात ते २५ मिलिमीटरचे काळे गोल, मध्ये खाच असलेले, त्या खाचेत धातूच्या मूर्तीच्या पायाखालची पट्टी बसते. आता बॉइझ ३२ च्या बेसवर येतात. जुना बेस काढून नवा लावायचा तर प्लॅस्टिकवाल्यांचं ठीक आहे पण चिकटवताना मागच्या मालकाने गोंदाची नदी वाहवलेली असते, घोट्यापासून तुटतात. मी दोन तोडले आणि शहाणी झाले. रिंगचं तसं नाही, जुना बेस तसाच ठेवून बाहेरून साडेतीन मिलिमीटरचं कडं चढवायचं, सुपरग्लूचे तीन थेंब, संपलं. मी ऑनलाइन एका छोट्या विक्रेत्याकडून चाळीसचं पाकीट घेतलं, थ्रीडी प्रिंट केलेलं. चार वाकडी निघाली. मला लागणार होत्या बरोबर छत्तीस, चौतीस बॉइझ आणि दोन नॉब, म्हणजे नशीब जोरावर होतं, पण तुम्ही घ्याल तेव्हा पाच-सहा जास्तीच्या घ्या. प्रिंटच्या बारीक रेघा दिसतात, त्या वरच्या बाजूला मातीच्या टेक्स्चर पेस्टखाली जातात, कडेच्या मात्र कानशीने घासाव्या लागतात नाहीतर काळा रंग दिला की ग्रामोफोनची तबकडी दिसते. जुना बेस नि रिंग यांच्यात केसाएवढी फट राहते, तीही पेस्टने भरते. टेक्स्चर पेस्ट मी नव्या, जुन्या, धातूच्या सगळ्यांना एकाच डब्यातली एकाच दिवशी लावली, वर तेच सुकं गवत, कडेला तोच गडद तपकिरी. ज्यांनी नव्वदीचे फोटो बघितलेत त्यांना आठवत असेल तेव्हा बेसच्या कडा भडक हिरव्या रंगवायची पद्धत होती, गॉब्लिन ग्रीन नावाचा रंग, त्यावर हिरवा भुसा. माझ्या अठरांच्या कडा तशाच होत्या. काही लोक हौसेने अजून तसं करतात आणि सगळ्या सैन्याला केलं तर ते मस्तच दिसतं, पण अर्ध्यांना हिरवी आणि अर्ध्यांना तपकिरी असं करू नका एवढंच.

रिंग फक्त दिसण्यासाठी नाही हेही सांगते, कारण क्लबात यावरून भांडणं होतात. या खेळात सगळं अंतर बेसपासून मोजतात. वीस ऑर्क खांद्याला खांदा लावून उभे केले तर २५ च्या बेसवर ५० सेंटिमीटरची रांग होते, ३२ वर ६४. दहाव्या आवृत्तीत हाणामारी करायला शत्रूच्या एक इंचाच्या आत असावं लागतं, किंवा पुढच्या गड्याला चिकटून, ज्याचा स्वतःचा बेस शत्रूला भिडलाय. मग लहान बेसवाले त्याच जागेत जास्त घुसतात, म्हणजे जास्त फासे. समोरचा म्हणणारच की हा फायदा कसला. स्पर्धेला जायचं असेल तर आजच्या मापाचा बेस लागतोच असं धरून चला. घरच्या खेळात कोणी विचारत नाही पण चाळीस ऑर्कांतले निम्मे २५ वर आणि निम्मे ३२ वर असले की तुम्हालाच रांग लावताना कटकट होते.

आता डेटॉल. मागच्या मालकाने, किंवा मालकांनी, ऑर्कांवर रंगाचे इतके थर दिले होते की दात बुजले होते. इथे ब्रिटनमध्ये हे जुने खेळाडू सगळे एकच सांगतात, डेटॉलमध्ये बुडवून ठेव, आपला तोच तपकिरी, पाणी न घालता, एक दिवस. आधी मी शहाणपणा करून नेलपॉलिश रिमूव्हर वापरला होता. अ‍ॅसिटोनवाला. एका ग्रेचिनवर. धातूवर अ‍ॅसिटोन चालतं पण हे प्लॅस्टिक त्यात विरघळतं, दहा मिनिटांनी बघते तर ग्रेचिनची चटणी झालेली. ११ चे १० राहिले, पथक दहाचंच असतं म्हणून मनाचं समाधान. मग गुपचूप डेटॉल आणलं. दुसऱ्या दिवशी रंग ओल्या कागदासारखा सुटतो, जुन्या टूथब्रशने घासायचं, हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून. एक गोष्ट लक्षात ठेवा, रंग पूर्ण निघेपर्यंत पाण्याचा थेंब लावायचा नाही. पाणी लागलं की सुटलेला रंग डांबरासारखा चिकट होतो आणि मग तो ना ऑर्कावरून निघत ना सिंकवरून. आधी ताज्या डेटॉलमध्येच विसळायचं, मग भांड्यांचा साबण, मग पाणी. हे मला तिसऱ्या ऑर्कानंतर कळलं, सिंकचं काय झालं ते विचारू नका. आई संध्याकाळी फिरून आली, दारातच थांबली आणि घाबरून म्हणाली, “कुणाला लागलं?” तिच्यासाठी हा वास म्हणजे फुटलेला गुडघा. मी बादलीतले तेहतीस ऑर्क दाखवले.

धातूच्या दोघांबद्दल मात्र गंमत नाही. १९९७ च्या आधीच्या धातूच्या मूर्तींमध्ये शिसं असायचं, नंतर कंपनीने मिश्रण बदललं. त्यामुळे जुना धातू कोरडा घासू नका, धूळ उडू देऊ नका, काम झालं की हात धुवा आणि लहान मुलांच्या हातात देऊ नका. त्यांना प्लॅस्टिकचा गोंद चालत नाही, तो गोंद प्लॅस्टिक वितळवून जोडतो, धातूला सुपरग्लूच लागतो, आणि हात जड असेल तर आत तार घालून पिन करावी लागते. एवढं करून ते दोघं माझे सगळ्यात आवडते आहेत. खोकला आला तरी नव्या प्लॅस्टिकवाल्यासारखे आडवे होत नाहीत.

सगळे धुतले असं म्हणलं पण ते खरं नाही. एक ठेवला. १९९३ वाल्यांपैकी एकाच्या गुडघ्यावर काळेपांढरे चौकोन रंगवलेत, गॉफ टोळीची खूण असते ती, आणि ते इतके वाकडेतिकडे आहेत की नक्की कुठल्या तरी पोराने जीभ बाहेर काढून रंगवले असणार, बेसखाली पेनाने ९४ लिहिलंय. तो पोरगा आता चाळिशीच्या पुढे असेल. त्याला मी फक्त रिंग लावली. बाकी काही नाही.

टोळी मी गॉफच धरली, त्या चौकोनांमुळे. काळे कपडे असल्याचा फायदा असा की सगळ्या पिढ्या त्यात झाकल्या जातात, काळ्यात ना नवेपणा दिसतो ना जुनेपणा. प्रत्येकाच्या अंगावर कुठे ना कुठे एक चौकटींचा पट्टा, तो या सगळ्यांना बांधणारा धागा. तुम्ही ईव्हिल सन्झ घेतलेत तर लाल, बॅड मून्झ तर पिवळा, तत्त्व तेच, एक रंग सगळ्यांवर हवा.

कातडीबद्दल जरा सविस्तर बोलते कारण इथे जुन्या-नव्याला एकच पद्धत लावून मी फसले. २०१९ मध्ये कॉन्ट्रास्ट रंग आले, त्यातला ऑर्क फ्लेश एकाच हातात सावली नि उजेड दोन्ही देतो, कारण तो खोलगट भागात साचतो आणि उंचवट्यावरून सरकतो. नव्या ऑर्कांवर जादू. दंडाच्या शिरा, भुवया, सगळं आपोआप. तोच रंग १९९३ वाल्यांवर दिला तर साचायला खोली नाही, सपाट दंडावर डाग डाग, गोवर आल्यासारखे. म्हणून जुन्यांना वेगळी वाट, आधी वाऽऽघ! फ्लेश हा गडद हिरवा, मग बिएल-टॅन ग्रीनचा वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पातळ रंग, मग वॉरबॉस ग्रीनने कोरडा ब्रश. आणि मग सगळ्यांना, नवे धरून, शेवटचा हात एकच, स्कार्सनिक ग्रीनने नाक, गाल, बोटांच्या गाठी. सुरुवात वेगळी असली तरी चालते, शेवटचा हात एक पाहिजे, डोळा तोच धरतो. जुन्यांच्या दातांना मी मुद्दाम जास्त पांढरा दिला कारण त्यांचे दात नुसते उंचवटेच आहेत, रंगानेच दात म्हणावं लागतं.

नव्या बॉक्सची उरलेली डोकी मी ब्लॅक रीचच्या सहा जणांना लावली. मूळचं डोकं काढायला बारीक करवत लागते आणि एकाचा खांदाही गेला, पण ब्लॅक रीचमध्ये त्याच त्या पोझ परत परत येतात त्यामुळे हे करणं भागच होतं. नवं डोकं किंचित मोठं वाटतं, जुळ्या भावांपैकी एकालाच बुद्धी आल्यासारखं. ऑर्कांत चालतं.

हे सगळं मी ऑर्कांबद्दल बोलतेय, स्पेस मरीनवाल्यांनी एवढ्यावरून पिशव्या घ्यायला धावू नका. तिथे २०१७ मध्ये प्रायमरिस नावाचे मोठे मरीन आले, आणि जुना मरीन नव्याच्या शेजारी उभा केला की तो मोठ्या भावाचं चिलखत घालून आलेला वाटतो. कंपनीने गोष्टीत नवीन जातीचे मोठे योद्धे आणून ते सांभाळून घेतलं, पण एकाच पथकात मिसळले तर डोळ्याला खुपतं, कारण मरीन म्हणजे शिस्त, एकसारखेपणा, तिथे उंचीतला फरक चूक दिसते. त्यांच्यासाठी वेगळी पथकंच बरी, आणि त्यातली बरीच जुनी पथकं आता स्पर्धेच्या नियमांच्या बाहेर गेलीत, विकत घ्यायच्या आधी तपासा. माझा सल्ला तिथे चालत नाही, उलटा चालतो.

गेल्या महिन्यात क्लबात पहिल्यांदा पूर्ण सैन्य नेलं. समोर साठीचे एक काका, मरीनवाले. त्यांनी टेप काढायच्या आधी खाली वाकून बघितलं, नव्यांकडे नाही, सरळ १९९३ वाल्यातला एक उचलला, पालथा करून बेस बघितला, आणि विचारलं की हे कुठे मिळाले. त्यांच्याकडे तो डबा होता म्हणे, घर बदलताना दिला कुणाला तरी. मग पाऊण तास खेळ सुरूच झाला नाही. हरले मी, चौथ्या फेरीत, चाळीसपैकी तीन ऑर्क उरले होते आणि त्यातला एक गुडघ्यावर चौकोनवाला.

तर हिशोब असा. नवा बॉक्स पाचपैकी साडेतीन, मूर्तींना पाच देईन पण ठरलेले हात आणि किंमत यांचा दीड कापला. पिशवीला चार, मोडलेल्या हातांसकट, पण त्या विक्रेत्याकडून परत घेताना खालच्या थराचा फोटो आधी मागेन. रिंगला चार वाकड्या नगांसकट साडेचार. एकदम नवीन सुरुवात करत असाल आणि अजून कानस कशी धरायची माहीत नसेल तर आधी नवा बॉक्सच घ्या, पिशवी सहा महिन्यांनी, कारण धुण्या-जोडण्याची कटकट पहिल्याच आठवड्यात अंगावर आली तर माणूस पळून जातो. पुण्या-मुंबईत असाल तर जुन्या पिशव्या तिथे इतक्या सहज मिळत नाहीत हे मला माहितीये, इथून कुणी येणार असेल तर त्याच्या सामानात प्लॅस्टिकवाले मागवा, वजन काहीच नाही. आई परत गेली तेव्हा तिच्या बॅगेत १९९३ वाल्यांतले दोन जास्तीचे ऑर्क गेले, भाच्याच्या किल्ल्यासाठी. दिवाळीला फोटो आला, महादरवाजावर पहारा देतायत, रिंग न लावलेले, २५ च्या बेसवर.